पुढचा मडगार्ड

अण्णांना एकच किडनी आहे, ही गोष्ट आमच्या घरी नव्याने येणाऱ्या माणसाला कॉफीच्या आधी सांगितली जायची. माझ्या नवऱ्यालाही ती तशीच सांगितली गेली. तो पुण्याहून आयटीतल्या नोकरीसाठी बेंगळुरूला आलेला, आम्ही दोघांनी लग्न करायचं ठरवलेलं, आणि तो पहिल्यांदाच आमच्या मल्लेश्वरमच्या घरी येऊन खुर्चीच्या कडेवर बसलेला. मी समोर उभी राहून सांगितलं, "माझ्या वडिलांना एकच किडनी आहे. त्यांना सोडून मी कुठेही राहायला जाणार नाही." त्याने 'बरं' अशा अर्थाचा, नुकताच शिकलेला एक कानडी शब्द वापरला. "सरी," म्हणाला. तोवर तो मला नुसताच बरा वाटत होता, त्या क्षणी आवडला.

दुसरी किडनी अण्णांनी आईला दिली होती. आईला ती बरीच वर्षं पुरली आणि शेवटी आईबरोबरच गेली. अण्णा म्हणायचे, "अर्धा मी आधीच वर जाऊन जागा धरून बसलोय." आणि स्वतःच हसायचे. मला त्या विनोदाचा राग यायचा. डॉक्टरांनी घालून दिलेले नियम मोजकेच होते. मीठ कमी, दुखण्याच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, ताप अंगावर काढायचा नाही, आणि बाहेरचं पाणी प्यायचं नाही. शेवटचा नियम मी माझ्या अंगावर घेतला. रोज सकाळी मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं, गार करायचं, फडक्यातून गाळून स्टीलच्या पिंपात भरायचं. अण्णा लग्नाला जावोत, देवळात जावोत की बँकेत, त्या पिंपातलं पाणी त्यांच्याबरोबर जायचं. माझा जीव त्या पिंपात अडकलेला असायचा.

आमचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि इथलेच झाले. आमच्या मराठीत कानडी इतकं मुरलंय की पहिलं वर्षभर नवरा प्रत्येक जेवणाला हसत होता. मी "स्वल्प भात घे" म्हटलं की त्याचा घास अडकायचा. पण भाषा बदलली तरी घरातल्या काही रीती तसूभरही हलल्या नाहीत. त्यातल्या दोन इथे सांगायलाच हव्यात, कारण जे झालं ते त्या दोन रीतींमधून झालं असं मला वाटतं.

पहिली रीत पाणी वरून पिण्याची. पेला असो, तांब्या असो, बाटली असो, ओठ लावायचा नाही. मान वर करायची आणि धार घशात सोडायची. ओठ लागला की ते एंजलु झालं, म्हणजे उष्टं. उष्टं भांडं मोरीत जायचं. ओठ न लागलेली बाटली मात्र घरातल्या सगळ्यांची. नवऱ्याला सुरुवातीला हे जमेना. ठसका लागायचा, शर्ट भिजायचा. अण्णांनी त्याला मोरीपाशी उभं करून शिकवलं, श्वास कधी धरायचा, गिळायचं कसं. आमच्या घरातली कुठली गोष्ट तो मनापासून शिकला असेल तर ती हीच.

दुसरी रीत जावयाची. जावयाला एखादी गोष्ट एकदाच सांगायची. ऐकली तर उत्तम, नाही ऐकली तर विषय संपला. दुसऱ्यांदा सांगणं म्हणजे त्याचा अपमान आणि आपल्याच मुलीची पंचाईत. मला अण्णा दिवसातून दहा वेळा एकच गोष्ट ऐकवायचे, गॅस बंद केलास का, दाराची कडी लावलीस का. जावयाला एकदाच.

मग ती सायकल आली.

चाळिशी जवळ आली की पुरुषांना काय होतं ते मला माहीत नाही. काही जण केस रंगवतात, आमच्याकडे माउंटन बाइक आली. जाडजूड दातेरी टायर, पुढे धक्के खाणारे दांडे, रंग असा की अंधारातही दिसावा. दुरून डोंगर साजरे म्हणतात, आमच्या मल्लेश्वरमातून तर ते दुरूनही दिसत नाहीत. ऑफिसातल्या चार-पाच जणांचा एक ग्रुप होता. दर रविवारी पहाटे निघायचं, शहराबाहेरच्या तळ्यांच्या कडेने, कच्च्या वाटांनी फिरून यायचं, आणि मग आठवडाभर त्याचे फोटो एकमेकांना पाठवायचे.

अण्णांनी हात पाठीमागे बांधून सायकलीला पूर्ण प्रदक्षिणा घातली. ते स्वतः नोकरीची सगळी वर्षं सायकलवरच गेले. सरकारी कचेरीत नकाशे काढायचं काम, अंगात पांढरी पँट, आणि काळी सायकल, दोन्ही चाकांवर लोखंडी मडगार्ड. पँटीवर कधी शिंतोडा उडाला नाही, हे ते पदक मिळाल्यासारखं सांगत. ती सायकल अजून जिन्याखाली उभी आहे.

"जावईबापू, याचे मडगार्ड कुठे आहेत?"

"याला मडगार्ड नसतात, अण्णा. माउंटन बाइक आहे ही."

"डोंगरात चिखल नसतो?"

"असतो ना. तो अंगावर घ्यायचा असतो, तीच तर मजा आहे. मडगार्ड लावला की सगळा लुकच जातो. ग्रुपमध्ये कुणाच्याच बाइकला नाहीये. मला विचारतील, दूध घालायला निघालास का?"

"दूध घालणाऱ्याची पँट स्वच्छ असते," अण्णा म्हणाले.

नवऱ्याने मग जरा अभ्यासू आवाजात सांगितलं की चिकणमातीत मडगार्ड असला तर चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये माती भरते, चाक अडतं आणि माणूस तोंडावर पडतो. हे काही खोटं नव्हतं. अण्णांनीही मान डोलावली. पण नवऱ्याची वाट जास्त करून डांबरी रस्त्याचीच होती, आणि डांबरी रस्त्यावर फक्त घाण पाणी असतं.

पहिल्याच रविवारी त्याच्या पिवळ्या शर्टावर कमरेपासून मानेपर्यंत लालसर करडा पट्टा उमटला. मशीनमध्ये गेला नाही, घासून गेला नाही. मी तो शर्ट तसाच रस्त्याकडच्या गॅलरीत वाळत घातला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. नवरा म्हणाला, "अगं, आत घाल ना." मी म्हटलं, "लुक आहे, लोकांना बघू दे."

अण्णा मेट्रोने चिकपेटला गेले आणि तिथल्या गल्ल्यांमधून फिरून काळ्या प्लास्टिकच्या मडगार्डांची एक जोडी घेऊन आले. मागच्या चाकाचा लांब, पुढच्याचा आखूड. सकाळी इडली खाताना त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "दोन्ही लावा, जावईबापू."

नवरा इडलीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मागचा लावतो, अण्णा. पुढचा नको, प्लीज. बदकाच्या चोचीसारखा दिसतो तो."

अण्णांचे ओठ हलले. त्यांच्या तोंडावर आलेलं वाक्य मी पाहिलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि ते वाक्य कॉफीच्या घोटाबरोबर गिळून टाकलं. "सरी," म्हणाले.

मागचा लागला. पुढचा प्लास्टिकच्या पिशवीतून न काढताच दारामागच्या खिळ्याला टांगला गेला. सगळे खूश झाले. नवऱ्याचा लुक निम्मा तरी वाचला, अण्णांचा निम्मा शब्द राहिला, आणि माझे शर्ट स्वच्छ निघायला लागले. भांडण होतं ते पाठीवरच्या चिखलाचं, आणि पाठीवरचा चिखल गेला होता. पुढच्या चाकाचा चिखल जातो कुठे, हे आम्ही तिघांपैकी कुणी विचारलं नाही, कारण तो कपड्यांवर येत नव्हता. तो सायकलीच्या खालच्या तिरक्या दांड्यावर उडत होता. पाण्याची बाटली त्याच दांड्याला अडकवलेली असे.

ती बाटली नवरा धुऊन ओट्यावर ठेवायचा आणि भरायची मीच, शनिवारी रात्रीच, पिंपातल्या पाण्याने. नवरा पहाटे निघायचा आणि येताना यशवंतपूरच्या बाजूने यायचा, घाऊक बाजाराच्या मागून, रेल्वेच्या पुलाखालच्या रस्त्याने. अण्णा तोवर फिरून येऊन आमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात उंच टेबलापाशी उभे असायचे. जावई आणि सासरे मिळून इडली-वडा खायचे, कॉफी प्यायचे. हॉटेलातल्या पाण्याला अण्णा हात लावत नसत. वाढणारा पेला पुढे करायचा, तर हे म्हणायचे, "बेडा, नको, आमचं पाणी येतंय." आणि आमचं पाणी यायचं, दांड्याला अडकून. नवरा अर्धी बाटली खास त्यांच्यासाठी राखायचा. वाटेत कितीही तहान लागली तरी अर्धीच प्यायचा.

अण्णांना त्या दाबायच्या बाटलीची मोठी गंमत वाटायची. मान वर करायचे, बाटली दाबायचे, धार बरोबर घशात. "पिचकारी आहे ही," म्हणायचे. "स्वल्प कोमट झालंय, पण घरचं आहे." मीही काही रविवारी तिथे असायची. बारीक चणीचा म्हातारा मान मागे टाकून पाणी पितोय आणि शेजारी घामेजलेला नवरा हसत उभा आहे, हे बघून माझं मन भरून यायचं. माझी दोन माणसं एकमेकांची झाली असं वाटायचं. ते दृश्य मला अजूनही आवडतं, आणि त्याचाच मला त्रास होतो.

ग्रुपमधले बाकीचे आपापल्या बाटलीला तोंड लावून प्यायचे, म्हणून आधी शर्टाच्या बाहीने बाटलीचं तोंड पुसून घ्यायचे. माझा नवरा पुसत नसे. ओठच लागत नाहीत तर पुसायचं कशाला? बाटली घाण होते ती ओठांनी, असंच आम्ही त्याला शिकवलं होतं, आणि तो चांगला विद्यार्थी निघाला.

त्या वर्षी सप्टेंबर संपला तरी पाऊस हटेना. संध्याकाळी कोसळायचा, आणि सकाळी ऊन पडलं तरी सखल रस्त्यांवर पाणी तसंच. राजकालुवे म्हणतात ते इथले मोठे नाले भरून वाहायला लागले की त्यातलं रस्त्यावर येतं आणि रस्त्यावरचं त्यात जातं. एका रविवारी नवरा घरी आला तो विजयी चेहऱ्याने. पुलाखाली चाकाच्या मध्यापर्यंत पाणी होतं म्हणे, बाकीचे उतरून ढकलत गेले, हा एकटा चालवत बाहेर आला. "वास काय सुटला होता यार. आणि घुशी! मांजराएवढ्या घुशी बसल्या होत्या पोत्यांवर." मी म्हटलं त्या रस्त्याने येऊ नकोस. तो म्हणाला, मोठ्या रस्त्यावर ट्रक आहेत, तिकडून आलो तर लवकर मरेन. त्याचंही बरोबर होतं. त्याचा शर्ट मात्र पाठीमागून अगदी स्वच्छ होता. मी उलटसुलट करून पाहिला आणि समाधानाने टोपलीत टाकला.

त्याच आठवड्यात त्याला ताप आला. डोकं दुखत होतं आणि पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की बाथरूमपर्यंत भिंत धरून जायचा. "चढ जास्त झाला," म्हणाला. मी त्याची थट्टा केली, म्हटलं डोंगर न बघताच पाय मोडले. मिरी घालून सार केलं, तो प्यायला, झोपला, आणि दोन दिवसांत उठून कामाला गेला. त्या तापाकडे मी नंतर कितीदा परत गेलेय. तो आमच्या घरात दोन दिवस राहून गेला आणि आम्ही त्याला साधा ताप समजून सार पाजलं.

मग एका सकाळी अण्णांनी अर्धा डोसा पानात टाकला. अण्णा पानात टाकत नाहीत. मी त्यांच्याकडे नीट बघितलं तर डोळे लाल. "धूळ गेली असेल, सुम्मने राहा गं, उगीच घाबरू नकोस, पुट्टी," म्हणाले. मी कपाळाला हात लावला आणि हात तसाच ठेवून उभी राहिले. मला आठवतंय, बाहेर भाजीवाला ओरडत होता आणि मला त्याचा इतका राग आला की खिडकी लावून घेतली.

ताप अंगावर काढायचा नाही हा नियम आम्ही पाळला. त्याच दिवशी इस्पितळात नेलं. डेंग्यू बघितला, नव्हता. डॉक्टरांनी तपासता तपासता अण्णांची पोटरी दाबली. आईला किडनी देताना ज्या माणसाच्या तोंडून हूं निघालं नव्हतं, त्या माणसाने पाय झटकन ओढून घेतला. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

त्यानंतर अण्णा पिवळे पडत गेले. आधी डोळे, मग हाताचे तळवे. पलंगाच्या कडेला लघवीची पिशवी लावली होती. मी दिवसभर तिच्याकडे बघत बसायची. तिच्यात काही येत नव्हतं. नर्स यायची, पिशवी उचलून बघायची, तशीच सोडायची, आणि माझ्याकडे न बघता जायची. मग डायलिसिसचं मशीन आलं.

डॉक्टर म्हणाले, "उंदीर-घुशींच्या लघवीतून होतो हा आजार. ती पाण्यात मिसळते, आणि ते पाणी जखमेतून, डोळ्यांतून, तोंडातून शरीरात जातं. हे कुठे साचलेल्या पाण्यातून चालत गेले होते का?"

तशा तापातही अण्णांना ते लागलं. "मी घाण पाण्यात पाय घालत नाही, डॉक्टर. आणि पाणी घरचं, उकळलेलं पितो. मुलीला विचारा."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि मी हो म्हटलं.

घरी येऊन मी घर उलटंपालटं केलं. माळा उतरवला, गॅसच्या मागे बघितलं, पिंजरे लावले, बेसिनखालची भोकं सिमेंटने बुजवली. उंदराची एक लेंडी सापडली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं माझं चाललं होतं. शेवटी स्कूटरच्या डिकीतून काही काढायला खाली पार्किंगमध्ये गेले, आणि नवऱ्याची सायकल दिसली. अण्णांना इस्पितळात नेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. बाटली दांड्याला तशीच अडकलेली होती. मागचा मडगार्ड खालून चिखलाने माखला होता, म्हणजे त्याने त्याचं काम केलं होतं. पुढून उडालेलं सगळं त्या दांड्यावर आणि बाटलीवर वाळून बसलं होतं. टोपणाला ओढून उघडायची तोटी असते, तिच्या खाचेत करडी माती भरली होती.

मी बाटली वर नेली. पिंपातून तिच्यात पाणी भरलं. पांढरी वाटी घेतली आणि बाटली वर धरून दाबली, अण्णा दाबायचे तशी. धार वाटीत पडली. थोडा वेळ थांबले. वाटीच्या तळाशी गाळ बसला.

ते पाणी मी उकळलं होतं. मी गाळलं होतं. हॉटेलातलं पाणी अण्णांनी माझ्या डोळ्यांसमोर नाकारलं होतं. मी ओट्याला टेकून खाली बसले आणि मला रडू आलं नाही, संताप आला. सायकलीचा, नवऱ्याचा, आणि दारामागच्या खिळ्यावर पिशवीत सुखाने लटकलेल्या त्या काळ्या तुकड्याचा.

नवरा इस्पितळातून आंघोळीला घरी आला. मी वाटी त्याच्यापुढे ठेवली.

"काय आहे हे?"

"तुझ्या बाटलीतलं पाणी. अण्णा प्यायचे तसं ओतलंय."

माझा नवरा हुशार आहे. त्याने वाटीकडे बघितलं, मग दारामागे बघितलं. बोटाने वाटी हलवली, गाळ वर आला. मग म्हणाला, "मलाही ताप आला होता." आणि खुर्चीच्या कडेवर बसला, पहिल्या दिवशी बसला होता तसा. त्यानंतर मी त्याला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तो मला अडवत नव्हता, आणि त्यामुळे मी आणखी बोलत गेले.

डॉक्टरांना मी बाटलीबद्दल विचारलं. ते म्हणाले, "नक्की कुठून झालं ते सांगता येत नाही. या पावसात कुठेही होऊ शकतं. पण हो, असंही होतं. सायकलवाल्यांमध्ये मी पाहिलंय." नवऱ्याने त्यातलं पहिलं वाक्य धरून ठेवलं आणि मी शेवटचं. एका गोष्टीवर मात्र आमचं एकमत झालं, अण्णांना सांगायचं नाही. ते सुटण्याच्या दिवसापर्यंत आम्ही दोघांनी एकमेकांशी बोललेली ती जवळजवळ एकुलती एक गोष्ट.

अण्णा घरी आले. त्यांची किडनी मात्र परत आली नाही. दोन किडन्यांच्या माणसाला जो आजार पोटरी दुखवून सोडून गेला, तो एकीच्या माणसाचं सगळं घेऊन गेला. आता ठरलेल्या वारी मशीनवर जायचं. मी माझी देते म्हटलं, नवऱ्यानेही देतो म्हटलं. अण्णा म्हणाले, "एकेका किडनीची माणसं करत सुटायचं का घरात?" डॉक्टरांनीही त्यांचं वय बघून आग्रह धरला नाही.

आणि आता पाणी मोजून. पिंपात पाणी उकळून गाळून तयार आहे, पण ते जास्त झालं तर त्यांच्या छातीत साठतं. सकाळचा वाटा एवढा, दुपारचा एवढा, रात्रीचा एवढा. वरून धार सोडली की घोट मोठा जातो, म्हणून अण्णा आता छोट्या वाटीला ओठ लावून पितात. पहिल्यांदा ओठ लावला तेव्हा त्यांनी वाटी खाली ठेवून इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघतंय का म्हणून. मी बघत होते. मी मान फिरवली.

नवऱ्याने सायकल सोडली. ग्रुपमधून बाहेर पडला, सायकलीवर चादर टाकली. घरात सायकल हा शब्द कुणी काढेना. पाऊस आला की तो उठून गॅलरीचं दार लावून घ्यायचा.

असाच एक रविवार. आदल्या संध्याकाळी पाऊस पडून गेला होता, खाली रस्त्यावर पाण्याची डबकी चमकत होती. अण्णा खिडकीपाशी खुर्चीत होते, पायांवर सूज होती. मांडीवरच्या वाटीत तळाला घोटभर पाणी राहिलं होतं. त्यांनी ते वाटी तिरकी फिरवून फिरवून प्यायलं. नवरा पेपर वाचल्यासारखं करत होता.

"जावईबापू," अण्णा म्हणाले, "पुढचाही बसवा."

पेपर खाली आला. मी कणीक मळत होते, माझे हात थांबले.

"मी चालवत नाही आता, अण्णा," नवरा म्हणाला.

"चालवा. या शहरात चिखल जायचा नाही. पुढचा बसवून चालवा." मग खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "तेव्हाच पुन्हा सांगायला हवं होतं मी. तोंडावर आलं होतं."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. नकाशे काढणारा माणूस, पडल्या पडल्या त्याने चाक, दांडा, बाटली आणि स्वतःचं तोंड यांतून रेघ ओढली असणार. आम्ही लपवत होतो आणि ते आमच्यापासून लपवत होते, जावयाला लाज वाटू नये म्हणून. इतक्या वर्षांत त्यांनी जावयाला एखादी गोष्ट दुसऱ्यांदा सांगितलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

नवरा उठला, दारामागे गेला. खिळ्यावरून पिशवी काढली. ती फाडली, आतून तो काळा तुकडा निघाला, वीतभर लांबीचा. तो घेऊन खाली गेला. थोड्या वेळाने पार्किंगमधून पाना पडल्याचा आवाज आला, मग पुन्हा शांत झालं.

"लावला का बघ," अण्णा म्हणाले.

मी गॅलरीतून वाकून पाहिलं. तो सायकलीपुढे उकिडवा बसला होता, मडगार्ड चाकावर धरून. बदकाच्या चोचीसारखा दिसत होता खरा. "लावतोय," मी म्हटलं.

अण्णांनी डोळे मिटले. ओठ कोरडे पडले होते, त्यांनी ते जिभेने ओले केले. मग वाटी माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "पुट्टी, स्वल्प पाणी दे."

सकाळचा वाटा संपला होता. पिंप भरलेलं होतं. मी नाही म्हटलं.